गाढव थांबतं, तसं थांबा!

बालमित्रांनो, उत्तर चुकलं की ‘गाढवा!’ ऐकावं लागतं ना? मीही वर्गात म्हणायचो. एकदा त्यावरून एक मुलगा आठवडाभर गप्प राहिला.

मग चिखलीत विटा वाहणारं गाढव नीट पाहिलं नि जीभ चावली! घाबरलं की ते सहसा उधळत नाही. थबकतं, अंदाज घेतं. त्यालाच आपण हट्टी म्हणतो.

इंग्लंडमध्ये एलिझाबेथ स्वेन्डसन यांनी १९६९ मध्ये गाढवांसाठी आश्रय-संस्था काढली. पुढे तिथे अपंग मुलं गाढवांवरून रपेट करू लागली. अबोल मुलंही गाढवाला खरारा करता करता, थोपटता थोपटता मोकळी होतात. का? गाढव हसत नाही, मार्क मागत नाही!

एकनाथांनी तर तहानेल्या गाढवाला गंगाजल पाजलं, अशी कथा आहे. तुम्ही निदान दगड मारू नका. आणि पालकहो, मुलाला ‘गाढव’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा, गाढवासारखं!