वर्गणीच्या पुढचं पाऊल



गावाकडच्या गरिबांसाठी काहीतरी करावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. गणपतीत, दिवाळीत आपण यथाशक्ती वर्गणी काढून पाठवतोही. पुरात, दुष्काळात अशी मदत हवीच. पण ते पैसे संपले की पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा तिथेच! म्हणून आज थोडं 'सामाजिक उद्योजकते'विषयी. समाजाची एखादी अडचण सोडवण्यासाठी काढलेला आणि स्वतःच्या कमाईवर चालणारा उद्योग, असा त्याचा सोपा अर्थ.

याचं उत्तम उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. माण तालुका कायमचा दुष्काळी. तिथल्या म्हसवडमध्ये लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी त्या रोजचे थोडे पैसे साठवू पाहत होत्या. त्यांना कर्ज नको होतं, दानही नको होतं. पण रक्कम फारच लहान म्हणून बँकेने खातं उघडलं नाही.

मुंबईहून लग्नानंतर तिथे स्थायिक झालेल्या चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांना घेऊन स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवानगी नाकारली. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना ठणकावलं. १९९७ साली 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू झाली.

ही बँक चालते कशी? मजुरी बुडवून बँकेत येणं परवडत नाही, म्हणून बँकेची माणसंच दारात आणि बाजारात जातात. बँक सहकारी, त्यामुळे सभासद बायकाच मालक. कर्जाच्या व्याजातून बँकेचा खर्च निघतो आणि फिटलेलं कर्ज दुसरीच्या शेळीसाठी किंवा भाजीच्या गाड्यासाठी कामी येतं. तोच रुपया पुन्हापुन्हा फिरतो!

मात्र गरिबाला कर्ज दिलं म्हणजे त्याचं भलं झालंच असं नाही. आंध्र प्रदेशात काही खासगी वित्त कंपन्यांनी वाढीच्या घाईत एकेका घराला अनेक कर्जं दिली, वसुलीसाठी तगादा लावला. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला.

म्हणून कोणत्याही उपक्रमाला पैसे देण्याआधी आपण तीन प्रश्न जरूर विचारूया. नफा कुठे जातो? ज्यांच्यासाठी काम चाललंय, त्यांना निर्णयात वाटा आहे का? आपली देणगी थांबली तर काम चालू राहील का?

पुढच्या वर्गणीच्या वेळी हे प्रश्न मंडळाच्या बैठकीत जरूर मांडा. आपल्या कष्टाचा पैसा गावाकडे जातोच आहे, तो तिथे रुजावा एवढीच इच्छा.