विधवेचें अन्नवस्त्र : हिंगोलीकडील कांहीं घरगुती कागदांविषयीं

हिंगोली, कळमनुरी, वसमत या बाजूच्या जुन्या घरांतून मोडी दप्तरें निघतात, तेव्हां संग्राहक सनदा व वतनपत्रें आदरानें उचलतात, आणि ‘अमकीस अन्नवस्त्राबद्दल’ अशा मजकुराचा कागद घरगुती म्हणून बाजूस टाकतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें ही मोठी चूक होय. त्या दोन ओळींवर एका स्त्रीचा जन्मभरचा निर्वाह अवलंबून असे.

असा कागद हातीं येतांच प्रथम हें पाहावें कीं, मयत इसम भाऊबंदांपासून विभक्त होता कीं अविभक्त. सर्व भेद येथेंच आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचिली ती चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास. तें स्थळ आपणांस कांहीं परकें नव्हे. परस्परविरोधी स्मृतिवचनांचा मेळ घालून त्यानें असा निर्णय दिला कीं, जो विभक्त असून पुनः संसृष्ट झाला नाहीं, अशा अपुत्र मृताचें सर्व धन त्याच्या संयत पत्नीनें घ्यावें. एकत्र कुटुंबांत मात्र तिला वांटा नाहीं, केवळ भरण. बंगालांत जीमूतवाहनानें अविभक्ताच्या अपुत्र विधवेसही पतीचा अंश दिला. इकडे तें मत चाललें नाहीं. म्हणून दप्तरांत फारखत किंवा वांटणीपत्र असल्यास तें अन्नवस्त्राच्या कागदापासून वेगळें करूं नये. एकावांचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाहीं.

नंतर शेताचें नांव व चतुःसीमा दिली आहे कीं नाहीं तें पाहावें. लक्ष्मण रामचंद्र जोशी विरुद्ध सत्यभामाबाई या १८७७ च्या मुंबईच्या खटल्यांत न्यायमूर्ति वेस्ट यांनीं निर्वाहाचा हक्क म्हणजे आपोआप मिळकतीवरील बोजा नव्हे, असें ठरविलें. मोघम वचन आणि नेमून दिलेलें शेत यांत किती अंतर, तें यावरून कळेल.

येथें एक सावधगिरी. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. एकत्र कुटुंबांतील विधवेस पतीचा हिस्सा देणारा १९३७ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. तो येथें आपोआप लागू नव्हता. कागदावर फसली सन असेल, तर त्यांत ५९० वा ५९१ मिळवून इसवी सन काढावा, आणि मगच कायद्याची गोष्ट बोलावी. पुणें-मुंबईचा न्याय येथें लावून फसलेले अभ्यासक मीं पाहिले आहेत.

ही केवळ गतकाळची चर्चा नव्हे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. आंध्रांतील तुळसम्मा या विधवेस १९४९ च्या तडजोडींत हयातीपुरत्याच जमिनी मिळाल्या होत्या; निर्वाहाच्या पूर्वसिद्ध हक्कापोटीं त्या मिळाल्या असल्यानें ती पूर्ण मालक होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. तेव्हां आपल्याकडील जीर्ण कागदांत ‘अन्नवस्त्राबद्दल’ हा शब्द आहे कीं ‘कृपा करून’ हा, तें नक्कल उतरतांना अक्षरशः तपासावें. ज्यांना जोडीचे दाव्याचे कागद धुंडाळावयाचे असतील त्यांनीं परभणीचें नांव ध्यानांत ठेवावें; हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं.