राखणदार कुत्रा म्हणून कारवान जातीची उपयुक्तता : नागपूरच्या संदर्भात

राखणीसाठी कुत्रा पाळताना शहरी कुटुंबांचा कल बहुधा जर्मन शेफर्ड वा रॉटवायलर या विदेशी जातींकडे असतो. नागपुरात मात्र मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता त्याला मुख्यत्वे धापा टाकूनच बाहेर सोडावी लागते. दाट केसांच्या जर्मन शेफर्डला अशा दुपारी अंगणात बांधून ठेवणे ही राखण नसून छळच होय.

या दृष्टीने दख्खनच्या पठारावरील कारवान ही जात लक्षणीय ठरते. कर्नाटकात ती मुधोळ या नावाने ओळखली जाते. आखूड केस व सडपातळ बांधा यांमुळे तिला उन्हाळा तुलनेने सुसह्य होतो. परंतु ती मूलतः भक्ष्य नजरेने हेरून पाठलाग करणारी शिकारी जात आहे. परक्या माणसाविषयी ती साशंक असते, चाहूल लागताच सावध होते. तथापि घुसखोरास अंगबळाने रोखून धरणे हा तिचा पिंड नव्हे. भारतीय सैन्याने २०१६ मध्ये मुधोळ कुत्र्यांची चाचणी आरंभली, तीही मेरठच्या केंद्रात रीतसर प्रशिक्षण देऊन. केवळ उपजत गुणांवर विसंबून नव्हे.

काटोल परिसरातील कुंपण असलेल्या संत्राबागेस ही जात साजेशी आहे. कुंपण नसल्यास मात्र ससा दिसताच राखणदारच बाग सोडून जाण्याचा संभव अधिक. सदनिकेत तर तिला धावण्यास वावच नाही. तेथे केवळ भुंकून इशारा हवा असेल, तर गावठी कुत्राही ते काम चोख बजावतो.