माळ्यावरची पेटी आणि नाशिकची ट्राम

दिवाळी तोंडावर आली आणि घराची झाडलोट सुरू झाली म्हणजे माळ्यावरच्या अडगळींतून कांहीं ना कांहीं खालीं येतेंच. कोणाकडे पितळी समई, कोणाकडे फुटक्या कांचेची तसबीर, आणि एखाद्या घरीं एक चपटी, जड पेटी. ती हलविली कीं आंत खुळखुळ वाजतें. झांकण उघडावें तों भोकें पाडलेल्या हिरव्या-तांबड्या पट्ट्या, पितळी दांतेरी चाकें, बारीक बोल्ट आणि गंजून धरलेले नट! मंडळी ती पेटी भंगारवाल्याकडे धाडावयास निघतात. परंतु घरांतला साठीचा गृहस्थ ती हातांतून सोडीत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं याच पट्ट्यांची त्यानें यारी उभारलेली असते, आणि त्या यारीनें भरलेली काड्यापेटी जमिनीवरून टेबलापर्यंत उचलली होती, हें त्याला अजून आठवत असतें.

नाशिक रोडला असा प्रसंग घडावा यांत फारसें नवल नाहीं. हें गांवच मुळीं बारीक आणि नेमक्या कामावर पोसलेलें आहे. टपालाचीं तिकिटें छापणारें प्रतिभूती मुद्रणालय येथें १९२५ सालीं सुरू झालें, आणि नोटांचें चलार्थ पत्र मुद्रणालय १९२८ सालीं. गांवकरी दोहोंनाहि नुसतें ‘प्रेस’ म्हणतात. बोटभर चौकटींतली रेघ केसाएवढी सरकली तर अख्खा कागद बाद, अशी तिथली शिस्त. विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखानाहि येथेंच आहे. आणि तिकडे ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना. अशा ठिकाणीं उभा जन्म काढलेला कारागीर साठीच्या सुमारास घरीं बसतो, तेव्हां निवृत्तीचा हुकूम त्याच्या हातांना पोंचलेला नसतो. सकाळचें वर्तमानपत्र वाचून होतें, भाजी आणून होते, आणि मग दहा बोटें नुसतीं मांडीवर पडून राहतात. माळ्यावरची पेटी त्यांच्यासाठींच खालीं आलेली असते.

या पट्ट्यांचा जनक फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा एक हिशेबनीस. आपल्या मुलांसाठीं त्यानें पत्र्याच्या पट्ट्या कापून खेळणीं जुळविलीं, १९०१ सालीं त्यांचें पेटंट घेतलें, आणि १९०७ सालीं त्यांना ‘मेकॅनो’ हें नांव दिलें. युक्ति अगदीं साधी होती : कोणतीहि पट्टी घ्या, भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंतचें अंतर अर्धा इंचच. त्यामुळें कोणताहि तुकडा कोणत्याहि तुकड्याशीं जुळतो. दांतेरी चाकेंहि याच हिशेबानें केलेलीं. १९ दांत्यांचें लहान चाक आणि ५७ दांत्यांचें मोठें चाक बरोबर एक इंच अंतरावरच्या दोन भोकांत बसवलीं कीं दांते एकमेकांत चपखल शिरतात. लहान चाकाचे तीन फेरे झाले म्हणजे मोठ्याचा एक होतो. गति तिसऱ्या हिश्शावर येते आणि जोर जवळजवळ तिप्पट होतो. यारीनें काड्यापेटी उचलली ती याच त्रैराशिकाच्या बळावर.

याला पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं मँचेस्टरची हकीकत ध्यानांत घ्यावी. डग्लस हार्ट्री हे पदार्थविज्ञानांतले मोठे गणिती. १९३४ सालीं त्यांनीं आर्थर पोर्टर या विद्यार्थ्यासह मेकॅनोच्याच भागांतून एक गणनयंत्र उभें केलें. अमेरिकेंत व्हॅनेव्हर बुश यांनीं केलेल्या प्रचंड यंत्राची ती लहान आवृत्ति होती. अणूंच्या रचनेसंबंधींचीं समीकरणें या खेळण्यानें सोडवून दाखविलीं, आणि त्यानंतर विद्यापीठानें पूर्ण आकाराचें यंत्र बांधलें.

मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ सालीं बंद पडला. पुढें तशाच पद्धतीचे भारतीय बनावटीचे संच आपल्याकडे घरोघरीं आले. दुसरा प्रकार प्लास्टिकच्या संचांचा. एका चौकटीला चिकटलेले सुटे भाग कापावयाचे, घासावयाचे, चिकटवावयाचे आणि रंगवावयाचे. एअरफिक्स या इंग्रज कंपनीनें १९५३ सालीं स्पिटफायर विमानाचा असा संच काढला. या प्रकारांत बहात्तरास एक हें प्रमाण फार रूढ आहे, कारण त्यांत सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ओझरला ज्याची बांधणी झाली तें मिग-२१ विमान सप्टेंबर २०२५ मध्यें वायुसेनेच्या सेवेंतून निवृत्त झालें. या प्रमाणांत त्याच्या पंखांचा विस्तार दहा सेंटिमीटरांच्या आंत मावतो. ज्यानें त्या पंखाचे रिव्हेट प्रत्यक्ष ठोकले असतील, त्यानें तो पंख चिमट्यांत धरून चिकटवावा, हा योग एरवीं कोणत्या गांवीं यावयाचा?

इतक्या वर्षांनीं छंदाकडे परतणाऱ्याची पहिली संध्याकाळ मात्र बहुधा फजितीची जाते. बोल्ट बोटांतून निसटतो, फरशीवर टणकन् उडतो आणि कपाटाखालीं जातो. दोष बोटांचा थोडा आणि डोळ्यांचा फार असतो. दहा वर्षांच्या मुलाला वितीच्याहि अलीकडची वस्तु स्वच्छ दिसते. साठीच्या माणसाला चष्म्यावांचून तीच वस्तु हातभर लांब धरावी लागते. डोळ्यांतलें भिंग वयानुसार ताठर होतें आणि जवळच्या वस्तूसाठीं फुगेनासें होतें, याला इलाज नाहीं. सोय मात्र आहे. कपाळावर बांधावयाचें भिंग घ्यावें, दिवा बाजूनें यावा, खालीं पांढरा पंचा अंथरावा म्हणजे पडलेला बोल्ट उडत नाहीं व दिसतोहि. मनगट टेबलाच्या कडेला टेकविलें कीं हाताचा कंप निम्मा होतो. गंजलेले नट रात्रभर रॉकेलांत बुडवून ठेवावे. सकाळीं ते बहुधा फिरूं लागतात. प्लास्टिकचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधा करतो, त्याची वाफ डोक्यांत चढते. तेव्हां खिडकी उघडी हवी. आणि स्वतंत्र मेज हवें. जेवणाचें टेबल हें कोणत्याहि घरांत छंदाला फार दिवस भाड्यानें मिळत नाहीं.

या अडचणींच्या बदल्यांत वयानें एक गोष्ट दिलेली असते. लहानपणीं गोंद वाळण्याआधींच विमान उडवून पाहण्याची घाई असे, आणि पंख हातांत येई. आतां सांधा वाळावयास रात्र लागली तर लागूं द्या, अशी वृत्ति झालेली असते. एका चाकाची धार पॉलिश-पेपरवर घासण्यांत एक दुपार गेली तरी ती फुकट गेली असें वाटत नाहीं. असे दोन-चार संच पुरे झाले म्हणजे मात्र एक नवीच अस्वस्थता येते. पेटींत जें भरलें आहे तेंच बाहेर निघतें. स्पिटफायर निघतें, जर्मन इंजिन निघतें. जें स्वतःच्या गांवचें, तें कोणत्याच पेटींत नसतें.

नाशिक रोडपुरतें बोलावयाचें तर ती वस्तु म्हणजे नाशिकची ट्राम. लोहमार्ग शहरापासून दूर अंतरावरून गेला, म्हणून स्टेशनाच्या नांवांत ‘रोड’ आला. आणि तें अंतर तोडण्यासाठीं १८८९ सालीं ही ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ती स्टेशनापर्यंत येई. डबे ओढीत घोडे. रुळांची रुंदी अडीच फूट. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, ज्यांनीं पुढें याच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभारली. १९३० नंतर लवकरच ही ट्राम बंद पडली. तींत बसून गेलेल्या माणसांची पिढीहि आतां सरली. आज त्या वाटेनें रोज हजारों लोक जातात, पण आपल्या पायांखालून एके काळीं रूळ गेले होते याची त्यांतल्या फार थोड्यांना कल्पना असते.

पेटी मिळत नाहीं म्हणून ती बांधतांच येत नाहीं, असें नव्हे. येथें थोडी आंकडेमोड उपयोगी पडते. जगांत सर्वांत रूढ असलेल्या लहान रेल्वेचें प्रमाण सत्याऐंशीस एक, आणि तिच्या रुळांतलें अंतर साडेसोळा मिलिमीटर. साडेसोळाला सत्याऐंशीनें गुणलें कीं १४३५ मिलिमीटर येतात. ही इंग्लंड-युरोपची रुंदी. आपला मोठा मार्ग साडेपांच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला लहान रूळ १९.३ मिलिमीटरांचा हवा. त्यामुळें भारतीय इंजिनाची प्रतिकृति तयार रुळावर उभी केली कीं ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. जाणत्याच्या डोळ्यांना तें खुपतें. तो मग स्वतः रूळ अंथरतो, नाहींतर डोळे मिटून घेतो.

ट्रामच्या बाबतींत दैव अधिक उदार आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्याऐंशीनें भागले तर पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरांचा तयार रूळ बाजारांत मिळतो. पण त्या प्रमाणांत माणूस दोन सेंटिमीटरांचाहि होत नाहीं. साठीच्या डोळ्यांना तें जाचक. त्यापेक्षां अठ्ठेचाळीसास एक हें प्रमाण घ्यावें. रूळ १५.९ मिलिमीटरांचा निघतो, साडेसोळाच्या तयार रुळाशीं फरक पडतो तो अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् जास्त, आणि माणूस साडेतीन सेंटिमीटरांचा झाल्यानें त्याच्या डोक्यावर पागोटें बांधतां येतें. सबंध वाट अर्थात् करूं नये. आठ किलोमीटर धरले तरी या प्रमाणांत ती दीडशें मीटरांहून लांब भरते. स्टेशनासमोरचा शेवट किंवा मेन रोडचें एखादें वळण, एवढें एका फळीवर पुरे.

मापें कोठून आणावयाचीं? जुन्या छायाचित्रांतून. डबा समोरून दिसत असेल तर रुळांतलें अंतर ही त्या चित्रांतली फूटपट्टीच होय, कारण तें अडीच फूट हें ठाऊक आहे. चित्रांत तें सहा मिलिमीटर भरलें आणि डब्याची रुंदी चौदा, तर खरी रुंदी सुमारें पावणेसहा फूट. मात्र हा हिशेब रुळाच्या त्याच रेषेंतल्या वस्तूंपुरता खरा; मागची वस्तु लहान दिसते आणि पुढची मोठी. घोड्यावरून माप काढण्याचा मोह टाळावा, घोडे सर्व उंचीचे असतात. जेथें चित्र मुकें आहे, तेथें कल्पनेनें नक्षी काढूं नये. तो भाग साधा ठेवावा आणि वहींत तशी नोंद करावी. पुढें कोणाच्या संग्रहांतून दुसरें छायाचित्र निघालें तर तेवढाच तुकडा बदलतां येतो. असें करतां करतां ट्रामविषयीं जे प्रश्न कोणी विचारले नव्हते ते एकेक करून समोर येतात. शेवटच्या थांब्यावर डबा फिरवीत कीं घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपीत? ब्रेक कोणत्या बाजूला होता? वाचनानें हे प्रश्न पडत नाहींत. पत्रा कापावयास घेतला कीं पडतात.

छंद घराबाहेर किती दूर जाऊं शकतो याचें उदाहरण पुण्यास पहावयास मिळतें. कोथरूडमध्यें बी. एस. जोशी यांच्या छंदांतून लहान रेल्वेचें एक संग्रहालय उभें राहिलें आणि १९९८ सालीं तें लोकांसाठीं खुलें झालें. सिग्नल, पूल, दिवे, अनेक प्रकारच्या गाड्या असें सर्व कांहीं तेथें आहे. परतणाऱ्या हौशी माणसानें एकदां तें पाहून यावें. पण त्याच्याशीं स्पर्धा करण्याच्या भरीस पडूं नये.

उरतें तें ट्राम चालविण्याचें काम, आणि येथें माळ्यावरच्या पेटींतलें त्रैराशिक पुन्हा भेटतें. घोड्यांची दुडकी चाल ताशीं दहा किलोमीटर धरली तर लहान ट्रामनें सेकंदाला सहा सेंटिमीटरांहून कमीच सरकावयास हवें. चाकाचा व्यास तेरा मिलिमीटर घेतला तर मिनिटाला सुमारें पंचाऐंशी फेरे होतात. लहानशी मोटर सहा हजार फेरे घेणारी असेल तर गति सत्तर पटींच्या आसपास उतरविली पाहिजे. तिप्पट उतरविणाऱ्या चार जोड्या लावल्या कीं एक्याऐंशी पट होते. किंवा मळसूत्राच्या आट्यांचा एक दांडा ५७ दांत्यांच्या चाकाशीं जुळविला कीं एका दमांत सत्तावन्न पट. दोन्ही उत्तरें चालतील. मेकॅनोचीं चाकें एवढ्याशा डब्यांत मावणार नाहींत, बारीक चाकें वेगळीं आणावीं लागतील. हिशेब मात्र तोच.

मोटर डब्याच्या बांकाखालीं लपवावी, म्हणजे वस्तुतः डबा घोड्यांना ढकलतो आणि पाहणाऱ्याला घोडे डबा ओढतांना दिसतात. प्रत्येक घोड्याच्या पोटाखालीं एका बारीक तारेवर मोहरीएवढें चाक बसवावें, आणि खूर जमिनीपासून केसभर वर ठेवावे. घोड्यांना डब्याशीं जोडणारी तार किंचित् सैल असूं द्यावी. ती घट्ट राहिली तर पहिल्याच वळणावर पुढचें चाक रुळावरून उतरतें.