वाळा : भूमिगत राहणारा निरुपद्रवी साप

मृगाच्या सरींनी जमीन तुडुंब भिजली, म्हणजे भातखाचरांचे बांध, शेणखताचे खड्डे व घरांच्या पडव्या यांजवळ गांडुळासारखा एक काळसर, चकचकीत प्राणी वळवळताना आढळतो. यास वाळा म्हणतात. उरण तालुक्यातील जासईच्या परिसरात बंदर, रस्ते व वसाहती यांसाठी बरीच शेतजमीन गेली. तथापि उरलेली शेते, परसे आणि फुलझाडांच्या कुंड्या यांतील ओलसर मातीत तो राहू शकतो. विषारी सापाचे पिल्लू समजून लोक त्यास मारतात. हे योग्य नव्हे.

आफ्रिका व अमेरिका खंडांत पाय नसलेले, गांडुळासारखे दिसणारे बिळवासी सरडे आहेत.  आपल्याकडे तसेच भूमिगत जीवन जगणारा वाळा हा मात्र साप असून तो पूर्णतः बिनविषारी आहे. त्याची लांबी सुमारे १० ते १५ सेंटिमीटर असते. डोळे खवल्यांखाली काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. शेपटीच्या टोकास बारीक काटा असतो; तो टोचला तरी अपाय होत नाही. या जातीत नर आढळत नाहीत. मादी नराशिवायच अंडी घालते. म्हणून कुंडीतील मातीबरोबर एकच मादी दूरदेशी गेली तरी तेथे तिचा वंश वाढतो.

मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे वाळ्याचे मुख्य खाद्य होय. त्याने वाळवीचा संपूर्ण बंदोबस्त होत नसला, तरी शेतकऱ्याचा तो मित्रच ठरतो. तो पिकांची मुळे खात नाही. तो निजलेल्या माणसाच्या कानात शिरतो, ही समजूतही निराधार आहे.

वाळा ओळखताना मात्र सावधगिरी बाळगावी. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, खवले नसतात. वाळ्याचे अंग खवल्यांचे असून तो जीभ बाहेर काढतो. मण्यारीच्या पिल्लाच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. पोवळा हा विषारी साप असाच सडपातळ असतो. त्याचे डोके काळे, पोट तांबडे व शेपटीवर दोन काळी कडी असतात. खात्री नसल्यास कोणत्याही सापास हात लावू नये. दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

माती उकरताना वाळा सापडल्यास त्यास फावड्यावर घेऊन बांधावरील ओल्या पालापाचोळ्यात सोडावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही ओळख पावसाळ्यापूर्वीच गावकऱ्यांस व शाळेतील मुलांस करून द्यावी.