मॉक ड्रिल: परीक्षा सिस्टरांची, निकाल रुग्णालयाचा

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळं दगावली. आग असो की अचानक बंद पडलेलं हृदय, अशा वेळी पहिली हालचाल बहुधा ड्युटीवरच्या परिचारिकेलाच करावी लागते. तिची तयारी कशी तपासतात?

सुरुवात लेखी चाचणीने होते. कोड ब्लू म्हणजे हृदय बंद पडलं, कोड रेड म्हणजे आग, कोड पिंक म्हणजे बाळ पळवलं, हे बहुतेकींना पाठ असतं. पण हे रंग सगळीकडे सारखेच असतील असं नाही. दुसऱ्या रुग्णालयातून आलेली सिस्टर इथेच अडखळते. चांगली प्रश्नपत्रिका व्याख्या विचारत नाही, क्रम विचारते. रुग्ण हाकेला ओ देत नाही, श्वास नाही, नाडी लागत नाही, आता काय? उत्तर असं: मदतीला हाक मारायची, कोड ब्लू द्यायचा आणि लगेच छाती दाबायला लागायचं. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर ३० दाबांमागे २ श्वास. डॉक्टरची वाट पाहत थांबायचं नाही.

खरी कसोटी मॉक ड्रिलमध्ये लागते. आगाऊ न सांगता पलंगावर रुग्णाऐवजी सरावाचा पुतळा ठेवतात. निरीक्षक घड्याळ लावून टिपतो: हाक कधी गेली, पहिला दाब कधी पडला, क्रॅश कार्ट (तातडीच्या साहित्याची ट्रॉली) कधी पोहोचली, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर कधी लागला. दाबणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी बदलली का, हेही पाहतात. कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ पडतो. मग क्रॅश कार्ट उघडतात. श्वास देणारी अंबू बॅग आहे, पण मास्क नाही. घशात पाहायचा लॅरिंगोस्कोप आहे, पण त्याचा दिवा लागत नाही. असल्या गोष्टी इथेच उघड होतात.

आगीच्या ड्रिलचा क्रम वेगळा. आधी धोक्यातला रुग्ण बाहेर, मग अलार्म, मग दारं बंद, आणि आग लहान असेल तरच अग्निशामक नळकांडं. त्याची पिन काढून नळी ज्वाळांवर नव्हे, आगीच्या बुडाशी धरायची. सगळ्यात अवघड प्रश्न वॉर्डाच्या ऑक्सिजन व्हॉल्व्हचा. तो कुठे आहे, कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा आणि त्या आधी कोणत्या रुग्णांना सिलिंडरवर घ्यायचं?

शेवटी सगळ्यांना बसवून चर्चा करतात. कोण चुकलं यापेक्षा कुठे अडलं, हे शोधायचं असतं. कार्टला कुलूप होतं आणि चावी इन्चार्जकडे होती, तर ती चूक सिस्टरची नव्हे.

सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून श्वास देण्याचा, सराव काही महिन्यांतच विसरायला होतो, म्हणून वर्षातून एकदा चाचणी घेऊन भागत नाही. आणि ड्रिल फक्त सकाळच्या पाळीत घेऊ नका. रात्री माणसं कमी असतात. म्हणून ती रात्रपाळीतही, कंत्राटी सिस्टरांनाही सोबत घेऊन करा.