मंगनीची अंगठी : हिराच हवा का?

लग्नसराई जवळ आली की सात रस्ता परिसरातल्या घराघरांत एक प्रश्न निघतो : मंगनीला मुलीच्या बोटात काय घालायचे? पूर्वी सोन्याची साधी अंगठी, एक जोडा आणि मिठाई एवढ्यावर बात पक्की व्हायची. आता हिरा मागितला जातो आणि त्यासाठी कर्जही निघते. आम्ही शिक्षक आहोत. ते कर्ज पुढे धाकट्या भावंडांच्या फीमध्ये अडते, हे आम्हाला वर्गात दिसते.

हिऱ्याचा हा आग्रह ना दीनचा, ना आपल्या वाडवडिलांचा. हिरा म्हणजे कायमचे प्रेम, हे डी बिअर्स कंपनीच्या १९४७ सालच्या जाहिरातीने जगाच्या गळी उतरवले. मोडायला गेल्यावर मात्र सोन्याला त्या दिवसाचा भाव मिळतो, बारीक हिऱ्यांना फारसे काही मिळत नाही.

मग पर्याय कोणते?

सोन्याची साधी अंगठी : घडणावळ कमी, अडचणीत मोडता येते. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

चांदी आणि अकीक : गुजरातेतील खंभातचा अकीक शतकानुशतके प्रसिद्ध आहे. पुरुषांना सोने वर्ज्य असल्याने नवरदेवासाठी तर चांदीच योग्य. प्रेषितांची (स.) मोहोरेची अंगठीही चांदीची होती.

प्रयोगशाळेतला हिरा : सुरतेत तयार होतो. खराच हिरा, खाणीतल्यापेक्षा बराच स्वस्त. पण मोडीत फार येत नाही, म्हणून हौसेपुरताच घ्यावा. बिलावर तसे लिहून घ्या. ‘अमेरिकन डायमंड’ मात्र हिरा नव्हे.

एक गोष्ट विसरू नये : मंगनीची अंगठी म्हणजे महर नव्हे. ती महरमध्ये धरायची असेल तर दोन्ही घरांनी आधी ठरवून निकाहनाम्यात नोंदवावे. बुखारी शरीफमधील हदीस सर्वांना ठाऊक आहे. निकाह करू पाहणाऱ्या गरीब सहाबींना प्रेषितांनी (स.) महर म्हणून निदान लोखंडी अंगठी तरी शोधून आणायला सांगितले. तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना येत असलेल्या कुरआनच्या सूरहांवर निकाह झाला.

अंगठी ऐपतीत घ्या, वाचलेले पैसे निकाहच्या वेळी रोख महर म्हणून मुलीच्या हाती द्या. तो तिचा हक्क आहे. आणि अंगठी कोणती, हे आधी तिलाच विचारा.